गतीवरील गणिते सोडवण्याचा क्रम: सूत्राला हात लावण्याआधी काय करावे

गतीवरील गणितांच्या उत्तरपत्रिकांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सूत्र बरोबर लिहिलेले असते, आकडेमोडही नीट केलेली असते आणि तरीही उत्तर चुकते. चूक शोधत मागे गेले की ती बहुतेक वेळा सूत्र लिहिण्याच्या आधीच झालेली आढळते: वर फेकलेल्या चेंडूसाठी दिशा ठरवलेली नसते, ताशी किलोमीटरमधला वेग तसाच मीटर प्रति सेकंद समजून घातलेला असतो, किंवा दोन वेगळ्या प्रकारची गती एकाच सूत्रात कोंबलेली असते. म्हणून पुढील क्रमात सूत्र पाचव्या टप्प्यावर येते. त्याआधीचे चार टप्पे कागदावर लिहून पूर्ण करावेत, कारण मनातल्या मनात केलेली तयारी परीक्षेच्या घाईत टिकत नाही.

पुस्तकांत सुरुवातीच्या वेगासाठी यू, अंतिम वेगासाठी व्ही, त्वरणासाठी (वेग बदलण्याच्या दरासाठी) ए, वेळेसाठी टी आणि विस्थापनासाठी (सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतच्या, दिशेसह मोजलेल्या सरळ अंतरासाठी) एस ही अक्षरे वापरतात. येथे मुद्दाम राशींची पूर्ण नावे लिहिली आहेत. ज्यांची गणिते वारंवार चुकतात त्यांनी काही दिवस वहीतही असेच लिहावे. अक्षरे पाठ झालेली असली तरी त्यांच्यामागची राशी कोणत्या क्षणाची आणि कोणत्या वस्तूची आहे हे पूर्ण नाव लिहिताना विसरता येत नाही.

## टप्पा १: गणित दोनदा वाचा

पहिल्या वाचनात फक्त प्रसंग समजून घ्यावा. कोणती वस्तू हलते आहे, किती वस्तू हलत आहेत, गती एका सरळ रेषेत आहे की वळणारी आहे, आणि शेवटी नेमके काय विचारले आहे, एवढेच पाहावे. या वाचनात आकड्यांकडे लक्ष देऊ नये. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन दिलेल्या प्रत्येक आकड्याखाली आणि आकडा लपवणाऱ्या प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढावी.

आकडा लपवणारे शब्द थोडेच आहेत, पण त्यांच्यावाचून गणित अडते. ‘स्थिर स्थितीतून’ म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. ‘थांबते’ म्हणजे अंतिम वेग शून्य. ‘एकसमान वेगाने’ म्हणजे त्वरण शून्य. ‘कमाल उंची गाठते’ म्हणजे त्या क्षणी उभ्या दिशेतला वेग शून्य; त्वरण मात्र तेव्हाही शून्य नसते, ते गुरुत्व त्वरणाइतकेच असते. हे शेवटचे वाक्य अनेकांना पटत नाही. त्यांनी असा विचार करावा: वेग शून्य असलेल्या त्या क्षणी त्वरणही शून्य असते, तर चेंडूचा वेग बदललाच नसता आणि तो हवेतच लटकून राहिला असता.

‘सोडला’ हा शब्द सर्वांत फसवा आहे. उंच जागेवर उभ्या असलेल्या माणसाने दगड सोडला तर सुरुवातीचा वेग शून्य असतो. वर जाणाऱ्या फुग्यातून दगड सोडला तर मात्र सुटण्याच्या क्षणी त्या दगडाचा वेग फुग्याच्या वेगाइतका आणि त्याच दिशेने असतो. फुगा ५ मी/से वेगाने वर जात असेल, तर दगडही आधी थोडा वर जातो आणि मग खाली येतो. येथे सुरुवातीचा वेग शून्य धरला की पुढचे सगळे बरोबर करूनही गुण मिळत नाहीत.

सावधान: ‘जमिनीवर आदळतो’ यावरून अंतिम वेग शून्य धरू नये. आपली सूत्रे वस्तू हवेत असेपर्यंतच लागू होतात, त्यामुळे येथे अंतिम वेग म्हणजे जमिनीला स्पर्श होण्याच्या अगदी आधीचा वेग, आणि तो बहुधा संपूर्ण गतीतला सर्वांत मोठा वेग असतो.

## टप्पा २: आकृती काढा आणि धन दिशा ठरवा

आकृती सुबक असण्याची गरज नाही. एक रेषा, तिच्यावर वस्तूची सुरुवातीची जागा, शेवटची जागा, वेगाचा बाण आणि त्वरणाचा वेगळा बाण, इतके पुरते. वेगाचा आणि त्वरणाचा बाण वेगळा काढणे मात्र टाळू नये, कारण हे दोन बाण एकाच दिशेने असले की चाल, म्हणजे दिशा सोडून वेगाचा नुसता आकडा, वाढते आणि विरुद्ध दिशेने असले की कमी होते. ही गोष्ट आकृतीत डोळ्यांना दिसते, सूत्रात दिसत नाही.

त्यानंतर आरंभबिंदू आणि धन दिशा निवडावी, आणि ती निवड आकृतीशेजारी शब्दांत लिहावी: ‘वरची दिशा धन, आरंभबिंदू हात’. कोणतीही दिशा धन मानली तरी चालते. एकदा निवडलेली दिशा गणित संपेपर्यंत न बदलणे एवढीच अट आहे. वरची दिशा धन मानली की वर फेकलेल्या चेंडूचा सुरुवातीचा वेग धन, गुरुत्व त्वरण संपूर्ण प्रवासात ऋण, आणि चेंडू फेकलेल्या जागेच्या खाली पडला तर विस्थापनही ऋण. चेंडू वर जाताना त्वरण ऋण आणि खाली येताना धन, अशी अदलाबदल करणारे विद्यार्थी अर्ध्या वाटेत धन दिशाच बदलत असतात.

ऋण त्वरण म्हणजे वेग मंदावणे, ही समजूतही येथेच सोडून द्यावी. वरची दिशा धन असताना खाली पडणाऱ्या दगडाचा वेग ऋण असतो आणि त्वरणही ऋण असते, आणि त्याची चाल वाढत जाते. चिन्ह दिशा सांगते; चाल वाढते की घटते हे वेग आणि त्वरण या दोघांची चिन्हे शेजारी ठेवून पाहिल्यावरच कळते.

पडताळा: पुढे जाण्याआधी आकृतीतील प्रत्येक बाणाशेजारी अधिक किंवा उणे चिन्ह लिहिले आहे का, ते पाहावे. चिन्ह नसलेला एकही बाण राहता कामा नये.

## टप्पा ३: सर्व एकके एकसारखी करा

हा टप्पा छोटा आहे. लांबी मीटरमध्ये, वेळ सेकंदांत, वेग मीटर प्रति सेकंदात आणावा, आणि हे सूत्रात आकडे घालण्याआधीच करावे. ताशी किलोमीटरला ५/१८ ने गुणले की मीटर प्रति सेकंद मिळतात: ३६ चे १०, ५४ चे १५, ७२ चे २०, ९० चे २५. गुणायचे की भागायचे असा गोंधळ झाला तर एवढे आठवावे की ३६ किमी म्हणजे ३६,००० मीटर आणि एक तास म्हणजे ३,६०० सेकंद. त्यामुळे मीटर प्रति सेकंदातला आकडा नेहमी लहानच येतो.

दीड मिनिट म्हणजे ९० सेकंद, १५० नव्हे. गुरुत्व त्वरण गणितात १० मी/से² घ्यायला सांगितले असेल तर १० घ्यावे. काहीच सांगितले नसेल तर ९.८ घ्यावे, आणि एकाच गणितात दोन्ही वापरू नयेत.

## टप्पा ४: गतीचे तुकडे पाडा आणि यादी करा

सर्वाधिक चुका या टप्प्यात होतात, म्हणून येथे थोडे थांबू.

नेहमीची गतीविषयक समीकरणे फक्त एका अटीवर खरी असतात: ज्या कालावधीसाठी ती वापरली आहेत, त्या संपूर्ण कालावधीत त्वरण एकसमान असले पाहिजे. त्वरण बदलले की तेथे गतीचा एक तुकडा संपतो आणि दुसरा सुरू होतो. पुढील गणित पाहा. एक गाडी स्थिर स्थितीतून निघून १० सेकंदांत एकसमान त्वरणाने २० मी/से वेग गाठते, त्याच वेगाने ३० सेकंद जाते आणि नंतर ५ सेकंदांत एकसमान मंदावत थांबते. एकूण अंतर किती? जो विद्यार्थी संपूर्ण प्रवास एकच समजतो, तो सुरुवातीचा वेग शून्य, अंतिम वेग शून्य, वेळ ४५ सेकंद असे लिहितो, आणि सरासरी वेगाच्या सूत्रातून त्याला विस्थापन शून्य मिळते. गाडी जागची हललीच नाही, असे ते उत्तर सांगते.

बरोबर रीत अशी की तीन तुकडे पाडावेत आणि प्रत्येकाची वेगळी यादी करावी. पहिल्या तुकड्यात वेग शून्यावरून २० वर गेला, सरासरी १०, वेळ १० सेकंद, म्हणून १०० मीटर. दुसऱ्यात २० × ३० = ६०० मीटर. तिसऱ्यात सरासरी पुन्हा १०, वेळ ५ सेकंद, म्हणून ५० मीटर. एकूण ७५० मीटर. तुकड्यांना जोडणारा दुवा कायम एकच असतो: एका तुकड्याचा अंतिम वेग हाच पुढच्या तुकड्याचा सुरुवातीचा वेग.

यादीत प्रत्येक तुकड्यासाठी पाच ओळी असाव्यात: सुरुवातीचा वेग, अंतिम वेग, त्वरण, वेळ, विस्थापन. माहीत असलेल्या राशीपुढे चिन्हासह आणि एककासह आकडा लिहावा, विचारलेल्या राशीपुढे प्रश्नचिन्ह काढावे, आणि जी माहीतही नाही व विचारलेलीही नाही तिच्यापुढे आडवी रेघ मारावी. पाचपैकी तीन राशी माहीत असतील तर उरलेल्या दोन नक्की काढता येतात. दोनच माहीत असतील तर पहिल्या टप्प्याकडे परत जावे. एखादा शब्द रेघ न ओढता सुटलेला असतो, किंवा हवी ती राशी शेजारच्या तुकड्यातून मिळणार असते.

गणितात वस्तुमान आणि बल दिले असेल, तर यादीतले त्वरण आधी काढावे लागते. वस्तूवरील सर्व बलांची चिन्हांसह बेरीज करून तिला वस्तुमानाने भागावे. ४ किलोग्रॅमच्या खोक्याला २० न्यूटन बलाने ढकलले आणि घर्षण ८ न्यूटन असले, तर त्वरण १२ ÷ ४ = ३ मी/से². ढकलणारे बल थेट वस्तुमानाने भागून ५ लिहिणे ही येथली ठरलेली चूक.

सावधान: ब्रेक लावलेली गाडी थांबली की तो तुकडा तेथेच संपतो. २० मी/से वेगाने जाणाऱ्या गाडीला ब्रेकमुळे ५ मी/से² इतके मंदन मिळते. ब्रेक लावल्यापासून ६ सेकंदांत ती किती अंतर जाईल? सूत्रात ६ घातले तर २० × ६ − ½ × ५ × ३६ = ३० मीटर मिळतात. पण गाडी ४ सेकंदांतच, ४० मीटरवर, थांबलेली असते, आणि उरलेले २ सेकंद ती तेथेच उभी असते. सूत्राने तिला या २ सेकंदांत १० मीटर उलटे नेले. प्रत्यक्षात ब्रेक गाडीला मागे नेत नाही. उत्तर ४० मीटर आहे. मंदनाच्या प्रत्येक गणितात थांबायला लागणारी वेळ आधी काढावी आणि मगच दिलेल्या वेळेकडे पाहावे.

## टप्पा ५: आता सूत्र निवडा

एकसमान त्वरणाची चार समीकरणे पुरेशी आहेत:

१. अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × वेळ

२. विस्थापन = सुरुवातीचा वेग × वेळ + ½ × त्वरण × वेळ²

३. अंतिम वेग² = सुरुवातीचा वेग² + २ × त्वरण × विस्थापन

४. विस्थापन = ½ × (सुरुवातीचा वेग + अंतिम वेग) × वेळ

यांपैकी प्रत्येक समीकरणात पाच राशींपैकी एक नसते: पहिल्यात विस्थापन नाही, दुसऱ्यात अंतिम वेग नाही, तिसऱ्यात वेळ नाही, चौथ्यात त्वरण नाही. यादीत जिच्यापुढे आडवी रेघ आहे ती राशी ज्या समीकरणात नाही, ते समीकरण घ्यावे. इतकी सोपी निवड असताना ‘अशा गणिताला कोणते सूत्र?’ असे प्रकारांनुसार पाठांतर करण्याची काहीच गरज नाही, आणि माझ्या मते त्या पाठांतरानेच विद्यार्थी नवे गणित दिसताच थबकतात. आडवी रेघ सुरुवातीच्या वेगापुढे आली, तर दोन समीकरणे एकापाठोपाठ वापरावी लागतात. त्यातही बिघडत काही नाही.

## टप्पा ६: चिन्हांसह आकडे घाला आणि सोडवा

आधी समीकरण शब्दांत किंवा अक्षरांत लिहावे, मग खालच्या ओळीत आकडे घालावेत, आणि ऋण आकडे नेहमी कंसात लिहावेत. एक गणित पूर्ण सोडवून पाहू.

एका इमारतीच्या ४० मीटर उंच गच्चीच्या कडेवरून चेंडू १० मी/से वेगाने सरळ वर फेकला. तो किती वेळाने जमिनीवर पडेल, आणि त्या वेळी त्याचा वेग किती असेल? गुरुत्व त्वरण १० मी/से² घ्या, हवेचा विरोध धरू नका.

वरची दिशा धन, आरंभबिंदू गच्चीची कड. सुरुवातीचा वेग +१०, त्वरण −१०, विस्थापन −४०, वेळ विचारली आहे, अंतिम वेगापुढे सध्या आडवी रेघ. चेंडू वर जातो आणि खाली येतो, तरी त्वरण सगळा वेळ तेच राहते. म्हणून हा एकच तुकडा आहे. दुसरे समीकरण घेऊ:

(−४०) = १० × वेळ + ½ × (−१०) × वेळ²

सर्व पदे एका बाजूला आणून ५ ने भागले की वेळ² − २ × वेळ − ८ = ० मिळते. याची मुळे ४ आणि −२. चेंडू फेकण्याच्या क्षणापासून वेळ मोजत असल्याने उत्तर ४ सेकंद. अंतिम वेग १० + (−१०) × ४ = −३० मी/से, म्हणजे ३० मी/से, खालच्या दिशेने.

दुसरे मूळ फेकून देताना त्याचा अर्थ पाहून घेणे चांगले. −२ सेकंद सांगते की चेंडू याच गतीत आधीपासून असता, तर फेकण्याच्या २ सेकंद आधी तो जमिनीवर असता आणि तेथून ३० मी/से वेगाने वर निघालेला असता. समीकरणाला हात आणि गच्ची माहीत नसते. ते फक्त एकसमान त्वरणाची गती ओळखते. म्हणून कोणते मूळ घ्यायचे हे प्रसंगाकडे पाहून ठरवावे, ‘ऋण आले की खोडायचे’ असा नियम करू नये. एखाद्या उंचीवर चेंडू किती वेळाने असेल असे विचारले, तर दोन्ही मुळे धन येऊ शकतात आणि दोन्ही खरी असतात: एक वर जातानाचे, एक खाली येतानाचे.

तिसऱ्या समीकरणातून वेग काढताना वर्गमूळाला दोन चिन्हे असतात, हेही ध्यानात ठेवावे. वरील गणितात १०० + २ × (−१०) × (−४०) = ९००, आणि त्यावरून वेग +३० किंवा −३०; चेंडू खाली येत आहे, म्हणून −३० निवडायचा. गणकयंत्र हे काम करत नाही, ते फक्त ३० दाखवते.

मधल्या पायरीवर आकडे तोडू नयेत. मधली उत्तरे शक्यतो अपूर्णांकात किंवा वर्गमूळ तसेच ठेवून न्यावीत, आणि शेवटच्या ओळीतच दशांश स्थळे कमी करावीत.

## टप्पा ७: उत्तर चार प्रश्नांनी तपासा

पहिला प्रश्न एककाचा. त्वरण × वेळ² यात मी/से² × से², म्हणजे मीटर उरतात. विस्थापनाच्या समीकरणात हे जुळते. चुकून ‘त्वरण × वेळ’ लिहिले असेल तर मी/से उरतात, आणि चूक तेथेच सापडते.

दुसरा प्रश्न चिन्हाचा: उत्तराची दिशा आकृतीशी जुळते का?

तिसरा प्रश्न आकाराचा, आणि त्यासाठी काही ओळखीचे वेग पाठ असावेत. माणूस चालतो तो सुमारे १.४ मी/से वेगाने. १०० मीटर धावण्याचा विश्वविक्रम ९.५८ सेकंदांचा आहे, जो उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला केला. म्हणजे सर्वांत वेगवान माणसाचीही सरासरी चाल साधारण १०.४ मी/से. हवेत आवाजाचा वेग सुमारे ३४० मी/से असतो. धावपटूचा वेग ३८ मी/से आला, तर एकके बदलायची राहिली असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

चौथा प्रश्न सर्वांत उपयोगी: न वापरलेल्या समीकरणात उत्तर बसते का? गच्चीच्या गणितात चौथे समीकरण वापरलेले नव्हते. ½ × (१० + (−३०)) × ४ = −४०. विस्थापन जुळले. ज्या समीकरणाने उत्तर काढले त्यातच ते परत घालून पाहिले तर बेरीज-वजाबाकीच्या चुका सापडतील, पण यादीतून पुढे काढलेल्या राशींचा मेळ कळणार नाही.

## जेथे हा क्रम ढळतो, अशी ठिकाणे

### एकामागून एक दोन वस्तू

चौकात उभी असलेली मोटार २ मी/से² त्वरणाने निघते, आणि त्याच क्षणी शेजारून एक ट्रक १२ मी/से या एकसमान वेगाने पुढे जातो. मोटार ट्रकला कधी गाठेल? येथे दोन याद्या हव्यात, पण आरंभबिंदू आणि घड्याळ दोघांसाठी एकच हवे. ‘गाठणे’ म्हणजे एकाच वेळी एकाच ठिकाणी असणे, म्हणून विस्थापने समान मांडावीत: १२ × वेळ = ½ × २ × वेळ². वेळ १२ सेकंद, अंतर १४४ मीटर. शून्य सेकंद हे दुसरे मूळही खरे आहे. तेव्हा ते शेजारी शेजारी होतेच.

येथे वेग समान मांडणारे पुष्कळ असतात. वेग समान होतात ते ६ व्या सेकंदाला, आणि त्या वेळी ट्रक ७२ मीटरवर व मोटार ३६ मीटरवर असते. म्हणजे वेग समान होतात तेव्हा दोघांतले अंतर सर्वांत जास्त, ३६ मीटर, असते. ‘कमाल अंतर किती पडले’ असे विचारले तरच वेग समान मांडावेत.

मोटार २ सेकंद उशिरा निघाली असेल, तर घड्याळ कोणी सुरू केले हे आधी लिहावे. मोटार निघाल्यापासून वेळ मोजली तर ट्रकची वेळ २ सेकंदांनी जास्त: १२ × (वेळ + २) = वेळ². अधिक दोन कोणाकडे लिहायचे हा गोंधळ ‘आधी निघालेल्याचा वेळ मोठा’ एवढे आठवले की मिटतो.

### चालकाचा प्रतिसाद काळ

अडथळा दिसणे आणि ब्रेक लागणे यांच्यामध्ये गाडी जुन्याच वेगाने जात असते. ७२ किमी/तास वेग, प्रतिसाद काळ ०.५ सेकंद आणि मंदन ५ मी/से² असेल, तर पहिल्या तुकड्यात २० × ०.५ = १० मीटर आणि दुसऱ्यात २०² ÷ (२ × ५) = ४० मीटर, एकूण ५० मीटर. पहिला तुकडा विसरणे ही नेहमीची चूक आहे. दुसरी चूक अंदाजाची: वेग दुप्पट झाला तर थांबायचे अंतरही दुप्पट होईल असे वाटते; प्रत्यक्षात प्रतिसादाचे अंतर दुप्पट होते, पण ब्रेकचे अंतर चौपट होते, म्हणजे २० + १६० = १८० मीटर.

### आडवे फेकलेले

२० मीटर उंचीवरून १५ मी/से वेगाने आडवा फेकलेला दगड म्हणजे दोन याद्या: आडव्या दिशेत त्वरण शून्य, उभ्या दिशेत सुरुवातीचा वेग शून्य आणि त्वरण गुरुत्वाचे. दोन्हींत सामाईक राशी फक्त वेळ. गुरुत्व त्वरण १० मी/से² घेतले तर उभ्या यादीतून २० = ½ × १० × वेळ², म्हणून २ सेकंद; आडव्या यादीत १५ × २ = ३० मीटर. आदळतानाचा वेग हवा असेल, तर आडवा १५ आणि उभा २० यांची सरळ बेरीज न करता वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घ्यावे, ते २५ मी/से येते. आडवा वेग उभ्या समीकरणात घालणे, ही या प्रकारातली एकमेव मोठी चूक; दोन याद्यांमध्ये एक उभी रेघ मारली की ती सहसा होत नाही.

### सरासरी चाल

अर्धे अंतर ४० किमी/तास आणि उरलेले अर्धे ६० किमी/तास चालीने कापले, तर सरासरी चाल ५० येत नाही, ४८ किमी/तास येते. १२० किमी अंतर मानून पाहावे: दीड तास आणि एक तास, एकूण अडीच तास. दोन चालींची साधी सरासरी दोनच वेळा बरोबर असते: दोन्ही चालींनी सारखाच वेळ प्रवास केला असेल तेव्हा, किंवा सरळ रेषेत दिशा न बदलता जाणाऱ्या वस्तूचे त्वरण एकसमान असून दिलेल्या दोन चाली सुरुवातीची आणि शेवटची असतील तेव्हा.

### आलेख

आलेख दिसला की आधी उभ्या अक्षावर काय लिहिले आहे ते वाचावे. स्थान-वेळ आलेखात चढ म्हणजे वेग. वेग-वेळ आलेखात चढ म्हणजे त्वरण आणि रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. वेग-वेळ आलेखात रेषा खाली उतरताना दिसली म्हणून वस्तू परत फिरली असे नसते. रेषा वेळेच्या अक्षाच्या वर आहे तोवर वस्तू धन दिशेनेच जात असते, फक्त हळू होत असते. ती परत फिरते ते रेषा अक्ष ओलांडते तेव्हा. अक्षाखालचे क्षेत्रफळ विस्थापनासाठी वजा करायचे आणि एकूण अंतरासाठी मिळवायचे.

चौथ्या टप्प्यातले तीन तुकड्यांचे गणित वेग-वेळ आलेखावर काढून पाहावे. आकृती समलंब चौकोनाची येते, समांतर बाजू ४५ आणि ३०, उंची २०; क्षेत्रफळ ½ × ७५ × २० = ७५०. तुकड्यांनी काढलेले उत्तर एका ओळीत तपासून होते, आणि म्हणूनच बहुतुकडी गणितांत कच्चा आलेख काढण्याची सवय जरूर लावावी.

### ‘तिसऱ्या सेकंदात’ आणि ‘तीन सेकंदांत’

गुरुत्व त्वरण १० मी/से² घेतले तर सोडलेला दगड तीन सेकंदांत ४५ मीटर पडतो. तिसऱ्या सेकंदात तो तीन सेकंदांचे अंतर वजा दोन सेकंदांचे अंतर, म्हणजे ४५ − २० = २५ मीटर पडतो. वेगळे सूत्र पाठ करण्यापेक्षा ही वजाबाकी करावी.

## टप्पा ८: उत्तर चुकले तर

उत्तरसूचीतले उत्तर पाहून आकडे जुळवत बसू नये, आणि गणित लगेच पहिल्यापासून पुन्हा करूही नये. वहीतली मांडणी तशीच ठेवून चूक कोणत्या टप्प्यात आहे ते उत्तराच्या रूपावरून शोधावे. आकडा बरोबर आणि चिन्ह उलट असेल तर टप्पा २. उत्तर ३.६ पटीने, किंवा त्याच्या वर्गाने म्हणजे सुमारे १३ पटीने चुकले असेल तर टप्पा ३. दुप्पट किंवा निम्मे आले असेल तर ½ सुटलेला आहे, किंवा सरासरी वेगाच्या जागी अंतिम वेग घातलेला आहे. वर्गमूळाखाली ऋण संख्या आली, तर एखाद्या राशीचे चिन्ह चुकलेले असते, किंवा गणितात विचारलेली उंची ती वस्तू गाठतच नाही. कमाल उंची काढून हे लगेच पाहता येते. यांपैकी काहीच बसत नसेल, तर चौथ्या टप्प्यावर जाऊन तुकडे मोजावेत.

सापडलेल्या चुकीपुढे टप्प्याचा क्रमांक समासात लिहावा. आठवड्याभराच्या वहीत एकच क्रमांक वारंवार दिसू लागला, की पुढच्या गणितांत त्याच टप्प्यावर दुप्पट वेळ द्यावा.